फिरत्या दवाखान्याची चाके : खर्च कुठे झाला आणि का



मागच्या अंकातला हिशेब वाचून दोन-तीन मंडळ्यांतून एकच प्रश्न आला : "औषधांच्या रकमेखालोखाल 'चाके, टायर व हब' अशी रक्कम दिसते. आम्ही देणगी दिली ती औषधांसाठी. मग एवढा पैसा चाकांवर का?" प्रश्न रास्त आहे. गाड्यांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे उत्तर लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्यावर सोपवले आहे.

आपला फिरता दवाखाना म्हणजे एका आसाचा, दोन चाकांचा ट्रेलर. तो गाडीमागे जोडून नेतात. आत तपासणीचे बाकडे, औषधांचे कपाट, शीतपेटी आणि पाण्याची टाकी आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर त्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा घाट लागतो, तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैलीचा. घाट संपला की पाड्यापर्यंतची वाट खडीची आणि नाल्यांची. फेरीच्या दिवशी माणसे मजुरी बुडवून, पोरे कडेवर घेऊन दोन-दोन डोंगर उतरून येतात. त्या दिवशी ट्रेलर वाटेत अडकला, तर औषधे कितीही भरलेली असोत, ती कोणाच्याच उपयोगाची नसतात. आणि घाटात सुटलेले चाक खाली जाताना समोर कोण आहे ते बघत नाही.

ट्रेलरच्या चाकाची एक गोष्ट मोटारीपेक्षा वेगळी आहे. मोटारीचे चाक डगमगू लागले की स्टिअरिंगला थरथर जाणवते, हवा कमी झाली की गाडी ओढू लागते. ट्रेलर मागे असतो. त्याच्या चाकाचे दुखणे चालकाच्या हाताला कळत नाही. टायर बसला तरी चालक मैलभर तसाच जाऊ शकतो, आणि टायर फाटून धूर निघाल्यावर मागचा दुचाकीवाला हात करतो. म्हणून या चाकांना जास्तीची क्षमता द्यावी लागते आणि ती पुन्हापुन्हा पाहावी लागतात. पैसा आणि वेळ गेला तो या दोन गोष्टींसाठी.

वजन आधी, टायर नंतर

नवीन टायर घेण्याआधी आम्ही भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेला. पाणी, औषधे, खुर्च्या, सगळे नेहमीसारखे ठेवले. गाडीपासून सोडवून केलेले एकूण वजन १,४५० किलो भरले. गाडीला जोडल्यावर त्यातले सुमारे १५० किलो जोडणीच्या टोकावर येते, म्हणजे साधारण दहावा भाग. हे योग्य आहे. टोकावर फार कमी वजन असले की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. उरलेले १,३०० किलो दोन चाकांवर येत होते.

मग एकेका बाजूचे चाक वेगवेगळे तोलले. डावीकडे ७१० किलो, उजवीकडे ५९०. पाण्याची टाकी आणि औषधांचे कपाट दोन्ही डाव्या भिंतीला असल्याचा हा परिणाम.

आता टायरवरचे आकडे पाहा. टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक अंक आणि एक अक्षर असते. तो अंक म्हणजे भारांक. भारांक ९० असेल तर तो टायर ६०० किलो पेलतो, ९५ असेल तर ६९०, १०० असेल तर ८००. आमच्या जुन्या १३ इंची टायरचा भारांक ९० होता. म्हणजे डावा टायर प्रत्येक फेरीला त्याच्या क्षमतेपेक्षा ११० किलो जास्त वाहत होता, तेही सपाट रस्त्यावर उभा असताना. खड्ड्यातला दणका आणि घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकावर येणारा भार त्याहून वेगळा.

दुसरा आकडा वयाचा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते : पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१६१७' म्हणजे २०१७ सालचा सोळावा आठवडा. आमच्या टायरवर हीच खूण होती. नक्षी अजून चांगली खोल दिसत होती, पण रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. मोटारीचे टायर धावून झिजतात. ट्रेलरचे टायर मात्र उन्हात उभे राहून आधी म्हातारे होतात. म्हणून नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरच्या टायरवर भरवसा ठेवू नये.

तेच चाक, जे गाडीला आहे

नवे चाक निवडताना आम्ही एक जुनी युक्ती वापरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या जीपमागे जो पाव टनी ट्रेलर असे, त्याला जीपचीच चाके आणि जीपचेच टायर बसवलेले असत. एकच स्टेपनी दोघांना चालत असे. आमच्या डोंगरातही हाच हिशेब लागू पडतो. ओढणाऱ्या गाडीला २१५/७५ आर १५ मापाचे, भारांक १०० चे टायर आहेत. तेच ट्रेलरला घेतले. आता गाडीची आणि ट्रेलरची अशा दोन स्टेपन्या झाल्या, आणि दोन्ही कुठेही बसतात.

यासाठी हब बदलावे लागले. जुन्या हबला चार बोल्ट होते, गाडीच्या चाकाला पाच. बोल्टची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास तंतोतंत जुळावा लागतो. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके नसतात. म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणायचे. आमचे अंतर सुमारे ८२ मिमी आले, म्हणजे वर्तुळ १३९.७ मिमीचे, विलिस जीपपासून चालत आलेले साडेपाच इंची. भोके 'जवळजवळ' जुळतात म्हणून चाक ठोकून बसवणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

आस आणि कमानीचे पाटे तपासून घेतले, ते पुरेसे बळकट होते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, तसेच इथे आहे. टायर ८०० किलोचा आणि रिम किंवा आस ६०० चा, तर वाढवलेल्या टायरचा उपयोग शून्य. नवे चाक जुन्यापेक्षा सुमारे १२ सेंमी उंच आहे. त्यामुळे ट्रेलरची जमीन ६ सेंमी वर गेली. मडगार्ड उचलावे लागले, जोडणीची उंची जुळवावी लागली आणि आजीबाईंना चढायला आणखी एक पायरी लावली. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. नोंदणीपत्राशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून तेही काम रीतसर करून घेतले.

पाण्याची टाकी उजव्या भिंतीला नेली. आता डाव्या चाकावर ६७० आणि उजव्यावर ६५० किलो येते. प्रत्येक टायर ८०० पेलतो. मधले शंभर-दीडशे किलो म्हणजे खड्ड्यांसाठी ठेवलेली शिल्लक.

नट चाकाला कसा धरतो

पुष्कळांना वाटते की चाक बोल्टवर टांगलेले असते. तसे नाही. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने रिम हबवर दाबून धरली जाते. खरा भार त्या दाबामुळे होणारे घर्षण पेलते. नट सैल झाला की घर्षण जाते, रिम पुढेमागे सरकू लागते, स्टडवर आडवे घाव बसतात, आणि मग एकामागून एक स्टड तुटतात.

म्हणून नट किती आवळायचा याला माप आहे. आमच्या १२ मिमी स्टडसाठी हब बनवणाऱ्याने ११० न्यूटन मीटर सांगितले आहे. साध्या भाषेत : अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २२ किलोचा जोर. त्याच पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर हा जोर तिपटीहून जास्त होतो. स्टड ताणून कायमचा लांबतो आणि त्याची पकड संपते. वरून नट घट्ट दिसतो, आतून स्टड मेलेला असतो. हिशेबात 'टॉर्क पाना' अशी जी नोंद आहे, ती यासाठीच. ठरलेला जोर आला की तो 'टक्' करतो. नट एकाच ओळीत नव्हे, तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखे आवळायचे, म्हणजे रिम सरळ बसते. आट्यांना ग्रीस लावायचे नाही. ग्रीसमुळे पाना तोच आकडा दाखवतो, पण स्टड जास्त ताणला जातो. रिम आणि हब जिथे टेकतात तिथे नवा रंग किंवा गंज ठेवायचा नाही. तो थर दबला की नट आपोआप सैल होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : चाक बसवल्यावर पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरला थांबून पुन्हा पाना लावायचा. नवे भाग एकमेकांत बसताना थोडी ढिलाई येतेच. प्रत्येक नटापासून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. फेरीवरच्या सिस्टर आणि चालक दोघेही निघण्यापूर्वी ती पाहतात.

नाल्याचे पाणी

आमच्या वाटांवर बेअरिंगचा मोठा शत्रू पाणी आहे. घाट चढून-उतरून हब तापलेले असते. ते तसेच थंड नाल्यात उतरले की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, बेअरिंग गंजते, आणि एक दिवस जाम होऊन हबच घेऊन जाते. म्हणून नाल्याआधी दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा बेअरिंग काढून, धुऊन, नवे ग्रीस भरायचे. ऑइल सील आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा, मग बोटांनी बसेल तेवढाच लावून पिन घालायची.

प्रत्येक थांब्यावर हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहायची. थोडी ऊब असतेच. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम लागली, तर पुढे जायचे नाही. हवा मात्र सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची. टायर फुटण्याचे नेहमीचे कारण खिळा नसून कमी हवा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दुमडतो, तापतो आणि आतून सुटतो.

उभा ट्रेलर

पाड्यावर सपाट जागा क्वचितच मिळते. गाडीपासून सोडवण्याआधी दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी पाचरी लावायच्या. नदीतला गोल दगड चालत नाही, तो स्वतःच घरंगळतो. चारही कोपऱ्यांचे पाय टेकवले की ट्रेलर हलत नाही. पण ते पाय हलणे थांबवतात, घसरणे नाही. ते काम पाचरींचेच. पायरीवर बाया बसतात, खाली सावलीत मुले खेळतात, म्हणून पाचरी लागल्याखेरीज दार उघडायचे नाही असा नियम आहे. जोडणीखाली दोन साखळ्या फुलीच्या आकारात लावल्या आहेत. जोडणी निसटली तरी टोक जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत राहते. चोरीसाठी प्रत्येक चाकाला एक कुलुपी नट आहे. त्याची किल्ली गाडीतच बांधून ठेवली आहे. ती गावाकडे राहिली, तर पंक्चर काढता येणार नाही.

आपल्याला एक विनंती

टायर घेतले की संपले, असे या कामात नाही. दर पावसाळ्याला ग्रीस आणि सील, पाच-सहा वर्षांनी टायर, अशा नोंदी पुढेही हिशेबात दिसतील. त्या दिसल्या नाहीत, तर मात्र आम्हाला जरूर विचारा. आपल्या मंडळीत कोणी गॅरेजमध्ये किंवा एस. टी. च्या कार्यशाळेत काम केलेले असेल, तर पावसाळ्यानंतरच्या बेअरिंगच्या कामाला दोन दिवस यावे. हात कमी पडतात. राहण्या-जेवण्याची सोय आम्ही करू.

आणि आपल्या घरच्या गाडीचे चाक पंक्चरवाल्याने काढून बसवले असेल, तर पन्नासेक किलोमीटरनंतर पाना लावून नट एकदा तपासून घ्या.