भिंतीचे आडवे बळ

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तेथून निपाणी दीडशे किलोमीटरच्या आत आहे. पुढे २००२ च्या भारतीय मानकाने बेळगाव मध्यम धोक्याच्या तिसऱ्या भूकंप-विभागात घातले. आपल्या सीमाभागात दगडमातीच्या घरांच्या जागी सलोह काँक्रीटच्या इमारती उठत आहेत. अशा वेळी घर बांधणाऱ्याने एक भेद ओळखला पाहिजे. वजन पेलणे निराळे आणि आडवा धक्का सोसणे निराळे.

पाठ नसलेले लाकडी फडताळ डोळ्यांपुढे आणा. पुस्तकांचे ओझे ते सहज पेलते. पण बाजूने ढकलले की डुलते, त्याचे चौकोन तिरके होतात. मागे फळी ठोकली की डुलणे थांबते. खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यात सलोह काँक्रीटची अखंड भिंत हेच काम करते. तिला कर्तन-भिंत म्हणतात.

भूकंपात जमीन सरकते, तर वरचे मजले जडत्वामुळे मागे राहू पाहतात. प्रत्येक मजल्याचे आडवे बळ भिंतीत साठत खाली उतरते. म्हणून तळाशी ते सर्वाधिक असते. भिंतीचा चौकोन तिरका होऊ लागला की त्याचा एक कर्ण ताणला जातो. काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळे. त्यामुळे तिरकी भेग पडते. ही भेग आडव्या-उभ्या सळ्या शिवून धरतात. दोन्ही दिशांना त्यांचे क्षेत्रफळ भिंतीच्या छेदाच्या किमान ०.२५ टक्के हवे. म्हणजे २०० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत दर मीटरला ५०० चौरस मिलिमीटर लोखंड. हिशेबात बळ अधिक आले, तर आडव्या सळ्या वाढवाव्या लागतात. कारण कर्तनाने भिंत अकस्मात फुटते; वाकताना मात्र लोखंड ताणत जाऊन इशारा देते. फुटण्याआधी वाकेल अशी भिंत रचणे, हेच अभियंत्याचे कौशल्य.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील अनेक इमारती वाहनांसाठी मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यावरच खचल्या. मोकळीक जरूर ठेवावी. पण काही भिंती पायापर्यंत अखंड न्याव्यात, आणि त्या दोन्ही दिशांना समतोल मांडाव्यात. एकाच कोपऱ्यात असल्या, तर इमारत पिळवटते.

म्हणून नकाशा हाती येताच अभियंत्याला विचारा : आडवा धक्का कोणत्या भिंती घेणार, आणि त्या पायापर्यंत पोचतात का? काँक्रीट ओतल्यावर सळ्या दिसत नाहीत. विचारण्याची वेळ त्यापूर्वीची.