बापाचा सौदा, पोराची पात्रता

अॅटलांटा (जॉर्जिया) : अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघाची वाट बहुतेक कॉलेजातूनच जाते. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल ही व्यावसायिक लीग खेळाडूला घेतच नाही. त्यामुळे 'एलिजिबिलिटी', म्हणजे कॉलेजकडून खेळण्याची पात्रता, हा घरोघरी चिंतेचा विषय. नियम कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या संस्थेचे. सर्वोच्च विभागात खेळायचं तर शाळेत १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण हवेत, त्यांतले १० शेवटच्या वर्षाआधी, आणि ग्रेडची सरासरी किमान २.३. नववीत विषय चुकले तर पुढे फार धावपळ होते, म्हणून जागरूक आईबाप तेव्हापासूनच हिशेब मांडतात.

पण मुलाची पात्रता आईबापांमुळे धोक्यात येते ती बहुधा पैशापायी.

२०१० साली ऑबर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) कॅम न्यूटन देशभर गाजत होता. त्याचे वडील सेसिल हे अॅटलांटा परिसरातले पाद्री. मुलगा मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडे यावा यासाठी त्यांनी एका मध्यस्थाबरोबर १ लाख २० हजार ते १ लाख ८० हजार डॉलर मागितल्याचं चौकशीत पुढे आलं. ३० नोव्हेंबरला ऑबर्ननं कॅमला अपात्र ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी एनसीएएनं त्याला पुन्हा पात्र केलं! वडिलांचे उद्योग मुलाला किंवा ऑबर्नला ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता, हे त्यामागचं कारण. त्यानंतर कॅमनं सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक जिंकला (वडील त्या सोहळ्याला गेले नाहीत) आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदही.

'मला काय ठाऊक' म्हणून सुटायची ही पळवाट सगळ्यांनीच पाहिली. २०१२ मध्ये एनसीएएनं 'एजंट'ची व्याख्या रुंदावली. मुलाच्या खेळावर स्वतःचा फायदा साधू पाहणारे नातलगही तिच्यात आले.

त्याच २०१० साली आणखी एका कॉलेज खेळाडूचं, रेजी बुशचं, प्रकरण निकालात निघालं होतं. एजंट होऊ पाहणाऱ्यांनी दिलेल्या घरात त्याचे आईवडील भाडं न देता राहिले होते. बुश केव्हाच एनएफएलमध्ये गेला होता. शिक्षा भोगली ती मागे राहिलेल्यांनी. त्याच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर दोन वर्षं मोसमाअखेरच्या सामन्यांची बंदी आली, ३० शिष्यवृत्त्या गेल्या. बुशनं कॉलेजात जिंकलेला हाइझमन करंडक परत केला. तो त्याला पुन्हा मिळाला २०२४ मध्ये, कारण तोवर खेळच बदलला होता.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर नि चेहऱ्यावर कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठंच खेळाडूंना पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. सेसिल न्यूटननी चोरून मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट आकडे आज नामांकित क्वार्टरबॅकचे आईवडील वकिलाला शेजारी बसवून उघडपणे बोलतात. मात्र बाहेरच्या कंपनीशी ६०० डॉलर वा अधिकचा करार केला, तर तो तपासणी यंत्रणेला कळवावा लागतो. तो लपवला तर पात्रता अजूनही मुलाचीच अडचणीत येते, मग व्यवहार घरातल्या कुणीही ठरवलेला असो.