एक तास इकडून, एक तास तिकडून



आज आम्ही हौदातल्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. पिण्याच्या नाही, माशांच्या. परंडा तालुक्यात मासे म्हटलं की सीना-कोळेगाव धरणावरची जाळी डोळ्यांपुढे येतात. आमच्या गटाने पाळले ते मात्र खायचे मासे नव्हेत, शोभेचे. गोल्डफिश, कोई, मॉली आणि गप्पी. गटाच्या बचतीतून कर्ज काढलं, एकीच्या घरामागे सिमेंटचा हौद बांधला. 12 फूट लांब, 6 फूट रुंद, पाणी अडीच फूट. म्हणजे साधारण 5 हजार लिटर. एका टोकाला पाणी हलवायला पंप बसवला आणि आम्हाला वाटलं, झालं काम.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी उजाडताना पाहिलं तर मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत होते. दुसऱ्या दिवशी गोल्डफिश मेले, मग कोई. गप्पी तेवढे टिकले. खाद्य टाकायचं काम आमच्यातल्या एका काकूंकडे होतं, त्यामुळे सगळ्यांचं बोट त्यांच्याकडे गेलं. "काकू, तुम्हीच जास्त टाकलं असणार." काकू काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

मेलेले मासे काढायला एकीने लांबच्या कोपऱ्यात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. तळाला बुळबुळीत काळा गाळ, सडक्या अंड्यासारखा वास. पंप तर चालू होता! मग हे इथे कसं साचलं?

तेव्हा आम्ही एक सोपी परीक्षा केली. काठीच्या टोकाला वीतभर सुती दोरा बांधला आणि ती काठी हौदात जागोजागी बुडवून पाहिली. पंपासमोर दोरा आडवा होत होता. मध्ये थोडा कलत होता. लांबच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि आडोशाला ठेवलेल्या विटांच्या मागे तो सरळ खाली लोंबत होता. पंप रात्रंदिवस चालत होता, पण तिथलं पाणी जागचं हलतच नव्हतं.

आता पाणी हलणं इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून घेतो. हा प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून, जिथे हवा आणि पाणी भेटतात तिथून. पाणी हललं नाही तर वरचं वर आणि खालचं खाली राहतं. त्यात पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. 20 अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. बहुतेक माशांना 5 मिलिग्रॅम तरी लागतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हातात शिल्लक फार थोडी.

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने तो वापरतं. म्हणून सगळ्यात कमी प्राणवायू पहाटे असतो, आणि म्हणून मासे उजाडताना वर येतात. त्यात तळाला उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजत असेल तर कुजवणारे जिवाणूही प्राणवायू खातात. गप्पी वाचले त्याचंही कारण आहे. त्यांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पृष्ठभागालगतच्या पातळ थरात प्राणवायू थोडा जास्त असतो, तो त्यांना सहज घेता येतो. म्हणून गप्पी जिवंत आहेत एवढ्यावरून पाणी चांगलं आहे असं समजू नका. आम्ही तसंच समजलो होतो.

राहिला प्रश्न कोपऱ्यांचा. खळ्यावर ज्वारी उपणताना आठवा. वारा एकाच दिशेने वाहत असला की भुसा नेमका एकाच बाजूला जाऊन पडतो आणि तिथेच त्याचा ढीग होतो. वारा फिरला की तोच ढीग उधळतो. हौदातही तसंच होतं. एकाच बाजूच्या पंपाने पाणी ठरलेल्या वाटेने गोल फिरतं. त्या वाटेबाहेरच्या जागा कायम कोरड्या वाऱ्याच्या आडोशासारख्या पडून राहतात. घाण नेमकी तिथे बसते. पंप मोठा केला तरी वाट तीच राहते, फक्त समोरच्या माशांना धक्का जास्त बसतो. खरा उपाय म्हणजे दिशा बदलणं.

समुद्र हे काम रोज करतो. समुद्र आपल्यापासून लांब आहे, पण सहलीला मालवणला गेलेल्या मैत्रिणींनी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ पाहिलं असेल. दगडासारखं दिसतं, पण तो इवल्या जिवांचा समूह असतो. प्रवाळाला पाय नाहीत. अन्नाकडे जाता येत नाही, घाणीपासून पळता येत नाही. सगळं पाण्याने आणायचं आणि पाण्यानेच न्यायचं. भरतीला पाणी किनाऱ्याकडे येतं, ओहोटीला परत जातं, साधारण सव्वासहा तासांनी दिशा बदलते. वर लाटांचं पुढे-मागे चालूच असतं. म्हणून प्रवाळाच्या सगळ्या बाजूंना पाणी पोचतं. घरच्या काचेच्या पेटीत समुद्री जीव सांभाळणारे लोकही हीच नक्कल करतात. पेटीच्या दोन टोकांना दोन पंप, आणि ते आलटून पालटून चालवायचे. मात्र एक लक्षात ठेवा. आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे. ते काढणं किंवा विकणं गुन्हा आहे. आठवण म्हणून तुकडासुद्धा आणू नका.

प्रवाळ आपल्याला नको, पण युक्ती घेता येते. आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा गाळ काढला. एकदम ढवळला नाही, कारण कुजका गाळ पाण्यात मिसळला तर उरलेला प्राणवायूही संपतो. नळीने तळातून हळूहळू ओढून घेतला आणि जेवढं पाणी गेलं तेवढं नवीन भरलं. नळाचं पाणी असेल आणि त्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल तर ते एक दिवस उघड्यावर ठेवून मगच माशांना द्या. बोअरचं पाणी असेल तर ते उंचावरून, झारीसारखं पडू द्या. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बहुतेक कमीच असतो, तो पडताना मिसळतो.

मग दुसऱ्या टोकाला दुसरा पंप बसवला. समोरासमोर नाही, तिरक्या कोपऱ्यात. दोन्हींची तोंडं थोडी वर केली, म्हणजे पाण्यावर तरंग उठतात आणि तळ उकरला जात नाही. प्रत्येक पंपाला खटक्यांचा साधा टायमर लावला. पहिला पंप 6 ते सव्वासात, दुसरा 7 ते सव्वाआठ, पुन्हा पहिला 8 ते सव्वानऊ. मधली 15 मिनिटं दोन्ही चालतात. ती मुद्दाम ठेवलीत, म्हणजे टायमर थोडा मागेपुढे झाला तरी पाणी थांबत नाही. वीज गेली तर दोन्ही टायमर एकदमच थांबतात आणि एकदमच चालू होतात, त्यामुळे आळीपाळी मोडत नाही. बुडबुडे काढणारा हवेचा लहान पंप मात्र टायमरवर नको. तो सतत चालू.

मासे काय करतात तेही पाहा. गोल्डफिश आणि गप्पींना जोराची धार सोसत नाही. मासे कोपऱ्यात दाटी करून धारेविरुद्ध धडपडत असतील तर पंपाचं तोंड भिंतीकडे वळवा. धार भिंतीवर आपटून पसरते.

विजेचं काम ओल्या हाताने नको, मैत्रिणींनो. हौदात हात घालण्याआधी सगळे पंप बंद करा, नुसतं बटण नाही, पिन काढा. करंट गळला की लगेच वीज तोडणारी पेटी मिळते, वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. ती आणि अर्थिंग दोन्ही करून घ्या. वायर बोर्डाकडे नेताना बोर्डाच्या खाली तिला झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाशीच टपकतं, बोर्डात जात नाही. रात्री वीज गेली आणि मासे वर आले तर बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहा. त्या वेळी खाद्य अजिबात टाकू नका.

ज्यांच्याकडे शेततळ्यात कटला, रोहू आहेत त्यांनाही हे लागू आहे, पण जपून. तळं मोठं असतं, तळाला वर्षाचा गाळ असतो. नवं यंत्र एकदम तळावर सोडलं तर फायद्याऐवजी मासे मरतील. पाणी वरच्यावर हलवा, पहाटेच्या आधी हलवा, आणि ढगाळ दिवस असेल तर खाद्य कमी करा.

दोरा आता सगळ्या कोपऱ्यांत हलतो. कधी या अंगाला कलतो, कधी त्या. काळा गाळ परत जमलेला नाही. पण गेलेले मासे गेले, आणि कर्जाचे हप्ते आम्ही अजून भरतो आहोत.

आणि काकू? आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. काठी आणि दोरा बरोबर नेला होता. काय घडलं ते सांगितलं आणि चुकलं म्हणालो. काकूंनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "मी खाद्य त्याच कोपऱ्यात टाकत होते गं, तिथेच सावली असायची." म्हणजे खाद्य जास्त नव्हतं, पण पडत होतं ते न हलणाऱ्या पाण्यात. हे आधी विचारलं असतं तर गाळ आम्हाला आठवडाभर आधी सापडला असता. आता आमच्या बैठकीत नियम आहे. नुकसान झालं तर आधी जागा बघायची, काम करणारीला विचारायचं, आणि मगच बोलायचं.

उद्या सकाळी तुमच्याही हौदात काठी आणि दोरा घेऊन बघा. दोरा कुठे सरळ लोंबतो ते शोधा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा आम्हाला सांगा. नमस्कार.