पट्टेरी टॉपची पारख

एकरंगी कापडात विणीचे, रंगाईचे आणि शिवणीचे जे दोष सहज झाकले जातात, ते पट्टेरी कापडात उघडे पडतात. कारण समान अंतरावर चालणारे पट्टे ही कापडातच विणलेली मोजपट्टी असते, आणि कापड तिरके कापले गेले किंवा रंग फुटला तर तिच्यावरून ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. भिलाईसारख्या शहरात कमी खर्चात रोजच्या वापराचा टॉप घेणाऱ्यांनी ही मोजपट्टी वाचायला शिकणे म्हणूनच मोलाचे आहे.

१९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या इस्पात कारखान्याभोवती भिलाई शहर वाढले, आणि तेथे देशभरातून आलेल्या कुटुंबांबरोबर विदर्भातील मराठी कुटुंबेही स्थिरावली. मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा, त्यानंतरचा दमट पावसाळा आणि डिसेंबरातील थंड पहाट हे तिन्ही ऋतू एकाच टॉपने निभावायचे असतील, तर पॉवर हाऊस भागातील जवाहर मार्केटात किंवा सिव्हिक सेंटरमध्ये खरेदी करताना रंगसंगतीआधी धाग्याचा विचार करावा लागतो. प्रमाणित हवामानात सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के बाष्प धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे घाम टिपण्याच्या बाबतीत सुती होजिअरी उजवी ठरते. गडद रंग ऊन अधिक शोषतो हे खरे असले, तरी काळे आणि पांढरे सैल झगे घालणाऱ्या माणसाच्या शरीरापर्यंत सारखीच उष्णता पोहोचते, असे बेदुइनांच्या पोशाखावरील १९८०च्या संशोधनात आढळले. म्हणजे फिकट पार्श्वभूमीइतकेच महत्त्व अंगाला न चिकटणाऱ्या मापालाही आहे.

आडव्या पट्ट्यांनी माणूस रुंद दिसतो, ही समजूत मात्र शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच नोंदवले होते की, आडव्या रेषांनी भरलेला चौरस उंच आणि उभ्या रेषांनी भरलेला चौरस रुंद भासतो. भागांत विभागलेली जागा मोकळ्या जागेपेक्षा मोठी वाटते, या दृष्टिभ्रमाशी त्याचे नाते आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या २०११च्या प्रयोगात, आडव्या पट्ट्यांच्या चौरसाइतकी उंची भासण्यासाठी उभ्या पट्ट्यांची आकृती ७.१ टक्के अधिक उंच करावी लागली. पुढील अभ्यासात हा परिणाम सडपातळ आकृतीवर अधिक दिसला, त्यामुळे पट्ट्यांकडून चमत्काराची अपेक्षा नको. पण केवळ रुंद दिसण्याच्या भीतीने आडवे पट्टे टाळण्याचेही कारण उरत नाही.

पट्ट्यांची रुंदी निवडताना मेंदूच्या दृश्यकेंद्राची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. दृश्यकोनाच्या एका अंशात गडद-फिकट पट्ट्यांच्या साधारण तीन जोड्या मावत असतील, दोन्ही पट्टे समान रुंदीचे आणि रंगविरोध तीव्र असेल, तर पाहणाऱ्याला सर्वाधिक अस्वस्थता जाणवते. एक मीटर अंतरावरून हे पट्टे सुमारे तीन मिलिमीटर रुंदीचे ठरतात. असे बारीक काळे-पांढरे पट्टे मोबाइलच्या छायाचित्रातही लाटांसारखी फसवी नक्षी उमटवतात, कारण कॅमेऱ्यातील संवेदकांची जाळी आणि पट्टे यांची अंतरे एकमेकांत मिसळतात. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये ठरवलेल्या गणवेशात पांढरा पट्टा २० आणि निळा १० मिलिमीटरचा होता. समान रुंदी टाळणारे हे प्रमाण आजही डोळ्यांना सुसह्य वाटते आणि निळी जीन्स, राखाडी पँट किंवा एकरंगी सलवार यांपैकी कशाशीही जुळते.

खरी पारख कापड हाती घेतल्यावर होते. टॉप उलटा करून आतली बाजू पाहिली असता पट्टे तितकेच ठळक दिसले, तर धागा आधी रंगवून मग विणलेला आहे असे समजावे. आत फिकट पडलेले पट्टे बहुधा छापील असतात. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर पुढचे-मागचे पट्टे एकमेकांसमोर येतात का ते पाहावे. होजिअरीच्या गोल यंत्रावर अनेक धागे एकाच वेळी विणले जात असल्याने प्रत्येक ओळ किंचित चढत जाते, त्यामुळे थोडा उतार स्वाभाविक असतो; ठळक तिरकेपणा मात्र निष्काळजी कापणीची खूण असते. धाग्यात शिल्लक राहिलेला पीळ धुतल्यावर सुटू पाहतो आणि शिवण पोटाकडे सरकते, म्हणून दुकानातच वळलेली शिवण घरी सरळ होण्याची आशा धरू नये.

रंगाची कसोटीही सोपी आहे. १९५६ पासून बाजारात आलेले रिअॅक्टिव्ह रंग सुती तंतूंशी रासायनिक बंध जोडतात, पण बंध न जुळलेला रंग कारखान्यात नीट धुतला गेला नाही, तर तो घरी पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. ओलसर पांढरा रुमाल गडद पट्ट्यावर, शक्यतो आतल्या शिवणीपाशी, घासून पाहिल्यास त्याचा अंदाज येतो. असा टॉप पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळा धुवावा, भिजत ठेवू नये आणि उलटा करून सावलीत वाळवावा.

या कसोट्यांसाठी महागडी नाममुद्रा लागत नाही आणि दुकानदाराचा शब्दही प्रमाण मानावा लागत नाही. फिकट पार्श्वभूमीवर असमान रुंदीचे निळे पट्टे, रंगीत धाग्याची सुती वीण आणि सरळ शिवण एवढे जुळले, तर साधा टॉपही वर्षानुवर्षे टिकतो, आणि वापराच्या दिवसांवर विभागलेली त्याची किंमत पहिल्या धुण्यातच बिघडणाऱ्या स्वस्त टॉपपेक्षा कमी भरते.