देशमुखी: मानाचे वतन आणि न्यायाची मजालस

देशमुखी हे परगण्यातले सर्वांत मानाचे वतन. गावोगावचे पाटील देशमुखाच्या हाताखाली आणि हिशेबाला देशपांडे जोडीला असे. देशमुखाने सारा वसूल करावा, ओसाड गावे वसवावीत, प्रसंगी शिबंदी घेऊन लढाईवर जावे. त्याबदल्यात इनाम जमीन आणि वसुलातला हक्क पिढ्यान्‌पिढ्या घराण्याकडे राही.

फुलसावंगीजवळच्या माहूरची देशमुखी हे याचे ठळक उदाहरण. तिथले उदाराम घराणे आधी निजामशाहीत होते, पुढे मोगलांकडे गेले. याच घराण्यातली सावित्रीबाई औरंगजेबाने दिलेल्या ‘रायबागन’ या किताबाने ओळखली जाते. फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखानाची फौज उंबरखिंडीत कोंडली गेली, तेव्हा ही बाई त्या फौजेत होती.

तलवारीपेक्षा रयतेचा संबंध देशमुखाच्या न्यायाशी जास्त येई. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे-महाजन आणि बलुतेदार मजालसीला, म्हणजे न्यायसभेला, बसत. अग्रवादी व पश्चिमवादी, म्हणजे वादी-प्रतिवादी, आपापली तकरीर (लेखी म्हणणे) देत, जामीन देत, साक्षी होत. पुरावा तोकडा पडला तर दिव्य. रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहर करीत आणि काही दिवसांनी हात तपासत. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे निर्णयाच्या कागदावर, कुणब्याची निशाणी म्हणून नांगर उमटे. हरलेला येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई व गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरी. जिंकलेल्याकडून सरकार हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, घेई.

वसूल करणाराच निवाड्याला बसे, हा या व्यवस्थेतला खरा धोका. त्याला आळा होता तो गोताचा, म्हणजे मजालसीला बसणाऱ्या या सगळ्या मंडळींचा: निर्णय एकट्या देशमुखाचा नसे, आणि थळाचा, म्हणजे न्यायाच्या जागेचा, संशय आला तर वादीला परस्थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची मजालस, मागता येई. तरीही रामचंद्रपंत अमात्यांनी राजनीतीवरच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी राजाला सावध केले, ते उगीच नव्हे.

पद ही घराण्याची मालमत्ता असणे ही काही इथलीच रीत नव्हती. फ्रान्सच्या राजेशाहीतही न्यायासन वारशाने मिळे आणि विकताही येई. मोंतेस्क्यू या उमरावाला बोर्दोच्या न्यायसभेतले एक अध्यक्षपद 1716 मध्ये काकांकडून मिळाले. 1726 मध्ये त्याने ते विकले. मराठी मुलखातही अडचणीतले वतनदार वतनाचा हिस्सा विकत, पण त्या खरेदीखतालाही गोताची साक्ष लागे.

वऱ्हाडातल्या देशमुखांची ही सत्ता इंग्रजांच्या काळात संपली: 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आला. वसूल आणि न्याय पगारी अधिकाऱ्यांच्या हाती गेले. देशमुख हे आडनाव मात्र या भागातल्या घराण्यांकडे आजही आहे.