विज्ञानाच्या तासाला तंत्रज्ञान: शिक्षक ते शिकतात कसे?

शाळेत प्रोजेक्टर येतो, टॅब येतात, शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं. तरी विज्ञानाचा तास पुष्कळदा पूर्वीसारखाच चालतो. फळ्यावरचा मजकूर फक्त पडद्यावर जातो. मुलांनी प्रश्न विचारावा, अंदाज बांधावा, तो तपासावा आणि पुराव्यावरून मत ठरवावं, असा वर्ग घडवायचा तर काही समजुती आधी दूर व्हायला हव्यात.

गैरसमज १: उपकरण चालवता आलं की त्यातून शिकवताही येतं.

वस्तुस्थिती: विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान एकमेकांत गुंफलेलं असावं लागतं, अशी मांडणी पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये केली. दोलकाचा धडा घ्या. जड गोळा लवकर झुलतो, असं अनेक मुलांना वाटतं. हे ठाऊक असलेले शिक्षक आधी मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घेतात आणि मगच मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू करतात. ही वेळ साधणं बटणांच्या प्रशिक्षणात शिकता येत नाही.

गैरसमज २: सिम्युलेशन असलं की प्रयोग नको.

वस्तुस्थिती: दोन्हींची कामं वेगळी आहेत. दोऱ्याला नट बांधून वेळ मोजली की स्टॉपवॉचवर बोट मागेपुढे झाल्याने होणारी चूक कळते, आणि दहा दोलनं मोजून सरासरी का काढायची हेही उमगतं. थोडासाच झोका दिला, तर एक मीटर लांबीला एका दोलनाला सुमारे २ सेकंद लागतात, २५ सेंटिमीटरला सुमारे १ सेकंद. चंद्रावर हाच दोलक कसा झुलेल, हे मात्र सिम्युलेशनमध्येच पाहता येतं. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची अनेक सिम्युलेशन्स मराठीत, मोफत मिळतात. डाउनलोड केली की इंटरनेटशिवायही चालतात.

गैरसमज ३: हाती टॅब दिला की मुलं आपोआप शोध घेतात.

वस्तुस्थिती: मुलं लांबी आणि वजन एकदम बदलतात, मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदलली तर?" हा प्रश्न शिक्षकांनाच विचारावा लागतो. चुकीचा अंदाज लगेच न खोडता तो तपासू देण्याचा संयमही सरावानेच येतो. म्हणून प्रशिक्षणात शिक्षकांनी आधी विद्यार्थी होऊन हाच शोध स्वतः घ्यायला हवा.

गैरसमज ४: एक कार्यशाळा पुरते.

वस्तुस्थिती: मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करत आणि वर्षभर मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत. तेव्हा या शाळांत संगणक नव्हते, पण हे सूत्र आजही लागू आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'क्लिक्स' उपक्रमातही शिक्षक मोबाइल गटांतून एकमेकांशी जोडलेले राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं.

मुख्याध्यापकांना आणि प्रशिक्षण आखणाऱ्यांना कळकळीची विनंती: या तासांतले बरेचसे शिक्षकांना स्वतः प्रयोग करायला, एकमेकांचे तास पाहायला आणि त्यावर मोकळेपणाने बोलायला द्या. नवं उपकरण त्यानंतर घेतलं तरी चालेल.