‘आतून सगळं एकच आहे’: आलिशान सेडान आणि चाकणच्या टपरीवरचं ज्ञान

चाकण पट्ट्यात गाड्यांविषयीचे गैरसमज अज्ञानातून येत नाहीत, अर्ध्या माहितीतून येतात. भोसरी, तळवडे, महाळुंगे, निघोजे, कुठेही जा. घरटी एक जण तरी प्रेस शॉपला, टूल रूमला नाहीतर एखाद्या व्हेंडरकडे क्वालिटीला असतोच. त्यामुळे ‘मी डोळ्यांनी बघितलंय’ या वाक्याला इथे फार वजन. फर्स्ट शिफ्ट सुटली की टपरीवर एखादा वेल्डिंगवाला सांगणार, “दोन्हीला खाली फ्लोअर एकच जातो रे. वरचा लोगो बदलला की झाली दुसरी गाडी, आणि लोक लाखभर जास्त मोजतात.” त्याने बघितलेला फ्लोअर खराच असतो. गडबड होते ती फ्लोअरवरून थेट किमतीवर मारलेल्या उडीत.

‘प्लॅटफॉर्म म्हणजे चासी’

आरसी बुकात चासी नंबर छापलेला असतो, म्हणून प्रत्येक गाडीखाली एक चासी असणारच असं आपण धरून चालतो. ट्रकला आणि बसला ती असते. बॉडी बांधायला निघालेली उघडी बसची चासी, वर हेल्मेट घालून बसलेला ड्रायव्हर, हे दृश्य हायवेवर बहुतेकांनी पाहिलेलं आहे. सेडानचं तसं नाही. तिथे बॉडी हाच सांगाडा, आणि नंबर त्याच पत्र्यावर कोरलेला.

प्लॅटफॉर्म हा काही सुटा काढून दाखवता येईल असा भाग नव्हे. फ्लोअरचा पुढचा भाग, इंजिन आणि केबिन यांच्यामधली फायरवॉल, सस्पेन्शन कुठे बसायचं त्या जागा, स्टिअरिंगची मांडणी, वायरिंग आणि कंट्रोल युनिट, इंजिन आडवं बसणार की उभं हा निर्णय, असं सगळं मिळून प्लॅटफॉर्म होतो. फोक्सवॅगन ग्रुपने २०१२ साली आणलेल्या एमक्यूबी या प्लॅटफॉर्मचं सूत्र तर एका वाक्यात सांगता येतं: पुढच्या चाकांचा मध्य आणि ॲक्सिलरेटरचं पेडल यांतलं अंतर ठरलेलं, बाकी व्हीलबेस, रुंदी, मागचा लांबलेला भाग हवा तसा बदला. नेमकं तेवढंच अंतर का ठरवलं? कारण इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी आणि समोरून धडक बसल्यावर चुरगळायची जागा हे सगळं तिथेच कोंबलेलं असतं. गाडीच्या डिझाइनमधला सर्वांत महागडा भाग तो. एकदा बसवला की पुन्हापुन्हा त्यावर पैसा घालायचा नाही, एवढाच हिशेब.

‘लोगो बदलला की झालं’

हा दावा जिथे सर्वांत जास्त खरा आहे तिथूनच सुरुवात करू. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून २०१० साली व्हेंटो आली आणि पुढच्याच वर्षी त्याच कारखान्यातून स्कोडा रॅपिड. बाजूने पाहिलं तर दारांवरून आणि काचांवरून कुठली कोणती ते ओळखणं अवघड. इथे टपरीवरचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं.

त्यानंतरची जोडी स्लाव्हिया आणि व्हर्टस, दोन्ही २०२२ च्या. या आलिशान वर्गातल्या नव्हेत, पण एकाच तळावर दोन गाड्या कशा उभ्या राहतात ते यांच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. ग्रुपच्या ‘इंडिया २.०’ या एक अब्ज युरोंच्या योजनेत स्कोडाने एमक्यूबीची लहान आवृत्ती भारतासाठी पुन्हा बसवली. त्या कामासाठी पुण्यात २०१९ च्या जानेवारीत तंत्रज्ञान केंद्रही उघडलं. दोन्हींचा व्हीलबेस २,६५१ मिलिमीटर. इंजिनं तीच, एक लिटर ११५ पीएसचं आणि दीड लिटर १५० पीएसचं. २०२३ साली ग्लोबल एनकॅपने धडक-चाचणीचा निकाल लावला तेव्हा दोघींना प्रौढांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२, म्हणजे दशांशापर्यंत तेच गुण मिळाले. ‘तळ वाटून घेतला म्हणजे पैसे वाचवायला सेफ्टी कापली’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. चांगला तळ बांधायचा खर्च चार गाड्यांवर पसरता येतो, म्हणूनच तो चांगला बांधणं परवडतं. बाहेरचं रूप मात्र या खेपेला दोघींचं बरंच वेगळं, आणि व्हर्टस वीस मिलिमीटर लांब. माझं मत विचाराल तर या दोघींत निवड करताना प्लॅटफॉर्मवर तास घालवू नका. रूप कुठलं आवडतं आणि घराजवळ कुणाचं वर्कशॉप बरं आहे, एवढं बघितलं तरी पुरे.

‘सुपर्ब म्हणजे निम्म्या किमतीत ऑडी’

वीस वर्षं टिकलेला हा गैरसमज आहे, आणि गंमत अशी की जन्मला तेव्हा तो गैरसमज नव्हता.

स्कोडाने २००१ साली पहिली सुपर्ब काढली ती त्या वेळच्या फोक्सवॅगन पसाटच्या ताणून लांब केलेल्या तळावर. ती पसाट आणि तेव्हाची ऑडी ए४ एकाच तळावरच्या. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. भारतात ती सुपर्ब २००४ ला आली. ‘खालून ऑडी आहे’ असं कुणी तेव्हा म्हटलं असेल तर ते चुकीचं नव्हतं. पण २००८ च्या दुसऱ्या सुपर्बमध्ये इंजिन आडवं झालं, आणि तिसरी सुपर्ब एमक्यूबीवर गेली. ऑडी ए४ आपल्या उभ्या इंजिनाच्या घराण्यातच राहिली. पुढे दोन्ही गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या एकाच कारखान्यात जुळवल्या जायच्या, म्हणून अफवेला आणखी बळ आलं. एका छपराखाली जुळणी होणं वेगळं आणि एका तळावर उभं असणं वेगळं.

ऑडीचं खरं नातं बघायचं असेल तर ए३ सेडानकडे बघा. २०१४ साली भारतात आलेली ही गाडी एमक्यूबीवर होती, तिच्या आदल्या वर्षी आलेल्या ऑक्टेव्हियासारखीच. पण टपरीवर ए३ चं नाव कुणी काढत नाही, कारण मागची सीट सुपर्बएवढी नाही!

ऑक्टेव्हियाची आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ‘तळ एक म्हणजे गाडी एक’ या समजुतीला तिच्याइतकं उत्तम उत्तर नाही. त्या पिढीत १.८ टीएसआयला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन होतं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर होणारं. १.४ टीएसआयला मात्र टॉर्शन बीम, दोन्ही मागची चाकं एका आडव्या बीमला जोडलेली. नाव एक, लोगो एक, प्लॅटफॉर्म एक, शोरूमही एकच. तळेगाव-चाकण रस्त्याच्या खड्ड्यांतून एका बाजूचं चाक आपटत नेलं की दोन्हींतला फरक मागे बसलेल्याला कळतो. प्लॅटफॉर्म किती पर्याय देऊ शकतो ते तो सांगतो. कंपनीने त्यातला कुठला वापरला ते गाडीखाली वाकूनच बघावं लागतं.

‘मर्सिडीजला डस्टरचं इंजिन आहे’

खरं आहे. चाकणला जुळवलेली आणि २०२१ च्या मार्चमध्ये बाजारात आलेली ए-क्लास लिमोझिन पेट्रोलमध्ये १.३ लिटर टर्बो इंजिन घेऊन आली. हे इंजिन मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी डेमलर आणि रेनो-निसान यांनी मिळून विकसित केलं, आणि भारतात तेच २०२० साली डस्टरमध्ये आलं होतं. ए-क्लासमध्ये १६३ हॉर्सपॉवर, डस्टरमध्ये १५६ पीएस. पण यावरून मर्सिडीजवाल्याने लाजायचं कारण मला कळत नाही. मिरवायचंच असेल तर डस्टरवाल्याने मिरवावं. इंजिन सामायिक असलं तरी प्लॅटफॉर्म पूर्ण वेगळा, आणि गिअरबॉक्सही वेगळा: एकीला सात गिअरचा ड्युअल क्लच, दुसरीला मॅन्युअल किंवा सीव्हीटी.

आता याच कारखान्यात दोन पावलं पुढे गेलं की चित्र उलटं होतं, आणि ते जास्त मोलाचं आहे. ए-क्लास आणि सी-क्लास दोघींवर तोच तारा. पण ए-क्लास पुढच्या चाकांवर चालणारी, आडव्या इंजिनाची, आणि सी-क्लास मूळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या, उभ्या इंजिनाच्या तळावरची. एकाच ब्रँडच्या असूनही तळाने परक्या. उलट, किमतीत प्रचंड अंतर असलेल्या सी-क्लास, ई-क्लास आणि एस-क्लास या तिघी सध्या एमआरए २ या एकाच तळावर आहेत. सी-क्लासचा व्हीलबेस २,८६५ मिलिमीटर, २०२४ साली भारतात आलेल्या लांब ई-क्लासचा ३,०९४, आणि लांब एस-क्लासचा ३,२१६. तळ ताणता येतो म्हणजे काय, ते या साडेतीनशे मिलिमीटरांत दिसतं.

मग एस-क्लासचे जादाचे पैसे जातात कुठे? लांबीत तर जातातच. त्याखेरीज एअर सस्पेन्शनमध्ये, पार्किंगला वळताना दहा अंशांपर्यंत वळू शकणाऱ्या मागच्या चाकांमध्ये, काचांच्या जाडीत, आवाज अडवणाऱ्या थरांमध्ये, सीटच्या मोटरींमध्ये. आलिशान गाडीतली चैन तळात फारशी नसते. तळ आणि प्रवासी यांच्यामध्ये जे घातलेलं असतं त्यात ती असते. वेल्डिंगवाल्या पोराला ती दिसत नाही, कारण त्याच्या स्टेशनवरून गाडी पुढे सरकली की मगच ती बसवली जाते.

‘ईक्यूएस म्हणजे बॅटरीवरची एस-क्लास’

नाही. २०२२ च्या सप्टेंबरअखेर चाकणला जुळवलेली ईक्यूएस ५८० बाजारात आली, तेव्हा १.५५ कोटी रुपये किमतीमुळे आणि एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर या एआरएआयच्या आकड्यामुळे सगळीकडे हाच मथळा होता. पण तिचा तळ वेगळा, फक्त विजेच्या गाड्यांसाठी बनवलेला. सगळा फ्लोअर बॅटरीचा, आणि वारा कापायला कमानीसारखं छप्पर. एस-क्लासमध्ये मागे पाय पसरून बसायची सवय असलेल्याने आधी बसून बघावं. बीएमडब्ल्यूने नेमकं उलट केलं: सेव्हन सीरीज पेट्रोलवर असो, डिझेलवर असो वा विजेवर, तळ एकच ठेवला. दोन्ही मार्गांना आपापले तोटे आहेत.

‘हॅरियर म्हणजे लँड रोव्हरच’

ही सेडान नव्हे, पण पिंपरी-चिंचवडमध्ये प्लॅटफॉर्मवर लेख लिहून हॅरियर गाळली तर शेजारी बोलायचे बंद होतील. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या हॅरियरचा ओमेगार्क हा तळ लँड रोव्हरच्या डी८ वरून निघाला, हे टाटांनी स्वतःच जाहिरातीत सांगितलं. ‘वरून निघाला’ म्हणजे ‘तोच आहे’ असं नव्हे. मागचं स्वतंत्र सस्पेन्शन जाऊन तिथे ट्विस्ट ब्लेड आणि पॅनहार्ड रॉड आले, आणि इंजिन आलं फियाटच्या घराण्यातलं दोन लिटर डिझेल. खर्चाचा विचार करता ही तडजोड मला चुकीची वाटत नाही. जॅग्वारच्या एक्सई आणि एक्सएफ या सेडानही पुण्यातच जुळवल्या जायच्या. त्यांचा ॲल्युमिनियमचा तळ ज्या गाडीखाली आहे तिचं नाव ऐकून सेडानवाले चमकतात: रेंज रोव्हर वेलार.

‘चाकणला बनते, म्हणजे सगळी इथलीच’

याचं उत्तर थोडक्यात. मर्सिडीज १९९५ साली भारतात आली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, जुन्या ई-क्लासचे सुटे भाग आणून जुळवत. २००९ साली चाकणचा स्वतःचा कारखाना सुरू झाला, तरी आलिशान गाड्यांची पद्धत मुख्यतः तीच आहे. पूर्ण तयार गाडी आणली तर आयात कर मूळ किमतीच्या घरात जातो. सुट्या भागांवर तो बराच कमी. स्लाव्हिया-व्हर्टसचं गणित वेगळं, तिथे ९५ टक्क्यांपर्यंत माल इथला असं कंपनी सांगते. ‘सुटे भाग’ कशाला म्हणायचं आणि ‘मोडून आणलेली गाडी’ कशाला, यावरून कस्टमने २०२४ साली स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाकडे १.४ अब्ज डॉलरची मागणी केली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली.

‘पार्ट एकच आहे, स्कोडाचा आणून ऑडीला लावा’

इतर गैरसमज गप्पांपुरते. हा खिशाला लागतो. फोक्सवॅगन ग्रुपचे पार्ट नंबर ब्रँड पाहून पडत नाहीत. पहिली तीन अक्षरं तो भाग मुळात कुठल्या गाडीसाठी बनला ते सांगतात. ‘फाइव्ह-क्यू-झिरो’ने सुरू होणारा नंबर म्हणजे सातव्या गोल्फच्या पिढीचा, आणि तो ऑक्टेव्हियाखालीही सापडतो, ए३ खालीही. जुन्या कंट्रोल आर्मवरचं ग्रीस चिंध्यांनी पुसून जाणकार मिस्त्री आधी हा नंबर वाचतो, मग फोन करतो. आकडे जुळले आणि शेवटचं अक्षरही जुळलं तर डबा कुठल्याही ब्रँडचा असो, भाग तोच. शेवटचं अक्षर बदललं की विचारून घ्या. कधी ती नुसती सुधारित आवृत्ती असते आणि आरामात बसते. कधी स्प्रिंगचा ताण किंवा बुशचं रबर वेगळं असतं, आणि बसतं तरी गाडी एका बाजूला ओढते.

इलेक्ट्रॉनिक भागांना हा नियम लावू नका. ऑडीच्या स्क्रीन आणि मीटरसारख्या बऱ्याच युनिटना कंपोनंट प्रोटेक्शन असतं. दुसऱ्या गाडीतून काढून लावलेलं युनिट कंपनीच्या सर्व्हरवर त्या गाडीच्या नावे चढवल्याशिवाय नीट चालत नाही, आणि ते काम अधिकृत वर्कशॉपमधूनच करून घ्यावं लागतं. भंगारातून स्वस्तात मिळालेली स्क्रीन विकत घेण्याआधी हे काम कोण करून देणार आणि किती घेणार, ते विचारून ठेवा.